उपाय आणि उतारा: त्वचेवरच्या झाडपाल्याचा आढावा

अंगावर पित्त उठले की कोकणात आधी आमसुले बाहेर येतात. पाच-सहा आमसुले पाण्यात भिजत टाकायची, मऊ झाली की कोळायची आणि ते लालसर पाणी गांध्यांवर चोळायचे. आमच्या घरी हे काम आजीचे होते. पोर खाजवून खाजवून रडवेले झालेले, आजी न बोलता हात फिरवते आहे, आणि तासाभरात गांधी उतरलेल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी एका त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की पित्ताची एकेक गांध बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत आपली आपणच जिरते. आमसूल लावा, नाहीतर लावू नका.

मग आजीच्या हाताने नेमके काय व्हायचे? आमसुलाचा गुण, पाण्याचा गारवा, कोणीतरी जवळ बसल्याचा दिलासा, की नुसताच गेलेला वेळ? त्वचेवरच्या झाडपाल्याविषयीचा सगळा वाद या प्रश्नाभोवती फिरतो. गेल्या तीस वर्षांत त्यात पेटंट कचेऱ्या, प्रयोगशाळा, न्यायालये आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड असे नवे पक्षकार आले आहेत. वादाची आजची स्थिती काय, ते इथे पाहायचे आहे. व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे: खाज, पुरळ, गजकर्ण, भेगा असले रोजचे त्रास आणि मुख्यतः आपल्याकडची झाडे. पोटात घ्यायची औषधे ओघाने येतील तेवढीच.

आजीचा बटवा आणि वैद्याचा ग्रंथ

पहिली गफलत इथेच होते. घरगुती उपाय म्हणजे आयुर्वेद, असे आपण सहज बोलून जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे दहा-दहाचे गट दिले आहेत. त्यांतला कंडूघ्न, म्हणजे खाज घालवणारा, गट पाहावा: चंदन, जटामांसी, बहावा, करंज, कडुलिंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद, नागरमोथा. यात आपली रोजची हळद नाही. ती आहे कुष्ठघ्न गटात, आणि तिथे तिच्या पंगतीला चक्क बिब्बा बसला आहे. (हे कुष्ठ म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे, त्वचारोगांचे ते मोठे गोत्र आहे.) अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी उदर्दप्रशमन हा आणखी वेगळा गट. त्यात टेंभुर्णी, चारोळी, बोर, खैर, अर्जुन आहेत, आमसूल नाही. म्हणजे आजीचा उपाय ग्रंथातून घरात आलेला दिसत नाही, तो परसातल्या रातांब्यावरून आला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जे पिकते तेच तिथल्या बायकांच्या हाताशी होते.

लेखी नोंदींची परंपराही या किनाऱ्यावर जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला; त्यात हळदही आहे आणि नारळही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतले विल्यम डायमॉक बाजारात विकली जाणारी मुळे-साली गोळा करून त्यांची चिकित्सा करत होते. ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा त्यांचा, दोन सहलेखकांसह लिहिलेला, ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात आला. मुंबईचेच डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बसूंसोबत केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ कीर्तिकरांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये, प्रसिद्ध झाला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधि गुणादर्श’ घरोघर पोचला. या नोंदींत उपाय भरभरून आहेत. कोणाला लागू पडला नाही, याची नोंद मात्र शोधावी लागते.

कोण काय म्हणते

अनुभवाची बाजू सगळ्यात जुनी. शेकडो वर्षे लोक जे लावत आले ते निरुपयोगी असते तर टिकले नसते, हा तिचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण तो वाटतो तितका पक्का नाही. टिकण्यासाठी उपाय गुणकारी असावाच लागतो असे नाही. तो स्वस्त असला, जवळ असला आणि त्रास आपोआप जाणारा असला तरी पुरते. नागीण हे याचे ठळक उदाहरण. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, या धास्तीने गावोगाव तिच्यावर लेप दिले जातात. ती सहसा अंगाच्या एकाच बाजूला उठते आणि काही आठवड्यांत बरी होते. त्यामुळे लेप देणाऱ्याला यश जवळपास ठरलेले.

शिकलेले वैद्य या गर्दीत आपल्याला धरू नका म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. शास्त्रात औषध एकटे नसते. त्यासोबत रोग्याची प्रकृती, ऋतू, अनुपान, पथ्य असते. औषधाचे शोधन असते. नुसती हळद घेऊन शंभर जणांना सारखी फासायची आणि मग आयुर्वेद तपासला म्हणायचे, हे त्यांना मान्य नाही. यावर उलट प्रश्न असा येतो: उपचार माणसागणिक वेगळा असेल, तर तो लागू पडतो की नाही हे ठरवायचे कसे? प्रत्येक रोग्याला वैद्याने आपल्या पद्धतीने औषध द्यायचे आणि निकाल तेवढे तटस्थ माणसाने मोजायचे, असे प्रयोग बांधता येतात. ते खर्चिक असतात आणि थोडे होतात.

तिसरी बाजू औषधशास्त्रज्ञांची. झाडात कोणते द्रव्य आहे आणि ते पेशीवर काय करते, हे त्यांना हवे असते. मुंबईत याची स्वतःची परंपरा आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातल्या औषधींवर आधुनिक पद्धतीने काम केले आणि त्याविषयी मराठीत रसाळ लिहिलेही. डॉ. अशोक वैद्य यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’चा आग्रह धरला. प्रयोगशाळेतून रोग्याकडे जाण्याऐवजी रोग्यावर आधीच वापरात असलेल्या औषधाकडून प्रयोगशाळेकडे जायचे, अशी ती उलटी वाट.

चौथी बाजू त्वचारोगतज्ज्ञांची. त्यांच्या दवाखान्यात उपाय फसलेलेच येतात, म्हणून त्यांचे मत कडक असते. ज्यांना आमसुलाने बरे वाटले ते त्यांच्याकडे कशाला जातील? ही मर्यादा त्यांच्यातले जाणते लोक मान्य करतात. पण फसलेल्या उपायांचे त्यांनी पाहिलेले परिणाम खरे असतात.

हळद: सगळ्यात जास्त अभ्यासलेली, तरीही

१९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. दोघेही मूळचे भारतीय. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत पुरावे गोळा करून आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या लढ्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा राहिला.

या विजयाचा अर्थ मात्र आपल्याकडे थोडा सैल लावला गेला. हळदीचा हा उपयोग नवा नाही, भारतात आधीपासून माहीत आहे, एवढेच तिथे सिद्ध झाले. हळदीने जखम खरोखर किती लवकर भरते, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच. जुनेपणाचा दाखला आणि गुणाचा दाखला हे वेगळे कागद आहेत.

गुणाच्या दाखल्याची कथा गुंतागुंतीची आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध निघाले. काचेच्या बशीत ते जवळपास प्रत्येक गोष्टीवर परिणाम करताना दिसते, आणि शंकेचे कारणही हेच झाले. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये आलेल्या एका विस्तृत समीक्षेने दाखवले की कर्क्युमिन अस्थिर आहे, शरीरात फार थोडे शोषले जाते आणि चाचण्यांमध्ये खोटे होकार देणारे द्रव्य म्हणून कुप्रसिद्ध आहे. स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना त्वचा भाजल्यासारखी होते, त्यावर कर्क्युमिनच्या गोळ्यांचा एक प्रयोग अमेरिकेत तीस स्त्रियांवर झाला आणि निकाल आशादायक आला. तोच प्रश्न ६८६ स्त्रियांवर तपासला तेव्हा फरक उरला नाही. लहान प्रयोगात चमकलेला उपाय मोठ्या प्रयोगात विझणे नवे नाही. आधुनिक औषधांचेही असेच होते.

यावर हळदीच्या बाजूने दोन उत्तरे येतात. कर्क्युमिन म्हणजे हळद नव्हे. हळकुंडात ते वजनाच्या दोन ते पाच टक्के असते, बाकी तेले आणि इतर द्रव्ये आहेत. आणि आपण हळद लावतो ती गोळी म्हणून नाही, तेलात किंवा सायीत कालवून थेट कातडीवर. दोन्ही हरकती रास्त आहेत. पण थेट लावण्याचे चांगले प्रयोग करणेच अवघड, कारण तुलनेसाठी खोटी हळद आणायची कुठून? तिचा रंग आणि वास लपत नाही. ज्याच्या अंगाला पिवळे लागले त्याला आपण कोणत्या गटात आहोत ते पहिल्याच दिवशी कळते.

तेलातेलांत फरक

इथे मात्र पुरावा बऱ्यापैकी ठोस आहे, आणि गंमत म्हणजे तो चर्चेत सर्वांत कमी येतो. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे चुना. कोरड्या, इसबाच्या त्वचेत हा चुना झिजलेला असतो. पाणी उडून जाते, बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत येतात, खाज सुटते. तेल वर बसून पाणी अडवते, पण प्रत्येक तेल सारखे वागत नाही.

खोबरेल तेलाचे चांगले प्रयोग फिलिपिन्समध्ये झाले. २००८ मध्ये इसबाच्या ५२ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात कच्च्या नारळाच्या तेलाने त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू ऑलिव्ह तेलापेक्षा बरेच जास्त कमी केले. २०१४ मध्ये ११७ मुलांवर त्याची तुलना खनिज तेलाशी झाली, तेव्हाही खोबरेल सरस ठरले. उलट ऑलिव्ह तेलाने निरोगी माणसाचीही भिंत कमकुवत होते, असे इंग्लंडमधल्या एका अभ्यासात २०१३ साली दिसले. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. ढाक्याच्या रुग्णालयात फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले, तर रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग लक्षणीय कमी झाले. तो अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोहरीच्या तेलाने भिंतीची दुरुस्ती लांबते, असे उंदरांवर दिसले आहे. मोहरी चरकाच्या कंडूघ्न गटात आहे, हे इथे आठवते. पण दाणा लेपात घालणे वेगळे आणि तेल रोज बाळाला चोळणे वेगळे.

म्हणजे कोकण-गोव्यातली खोबरेल चोळण्याची रीत या कसोटीला उतरते. रातांब्याच्या बियांचे घट्ट कोकमतेल, गोव्याचे भिरंडेल, टाचेच्या भेगांना आणि फुटलेल्या ओठांना लावतात. त्यात स्निग्धांश भरपूर आणि ते अंगाच्या उबेला हळूहळू वितळते. त्याचे काम समजायला औषधशास्त्र फारसे लागत नाही.

कडुलिंब आणि कोरफड

कडुलिंबाचा सगळ्यात उद्धृत केला जाणारा अभ्यास १९९२ चा, तामिळनाडूतला. कडुलिंबाचा पाला आणि हळद वाटून तो लेप खरजेच्या ८१४ रोग्यांना लावला. ९७ टक्के लोक तीन ते पंधरा दिवसांत बरे झाले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि त्यानंतर तेवढ्याच ताकदीचा नियंत्रित प्रयोग करून कोणी त्यावर शिक्कामोर्तब केले नाही. उपाय स्वस्त असल्याने करायला हवा होता. कांजिण्या उतरल्यावर कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालतात, ती आजार ओसरल्यावरची; तिथे श्रेय कोणाचे हे ठरत नाही, अपायही सहसा होत नाही. बियांच्या तेलाचे तसे नाही. ते तान्ह्या मुलांना पाजल्याने मेंदू आणि यकृत बिघडल्याच्या घटना मलेशियातून १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाल्या आहेत. एकाच झाडाच्या पानाचा अनुभव बियांना लावता येत नाही.

कोरफडीचा गर गार वाटतो, पण जखमांवरच्या प्रयोगांची कॉक्रन समीक्षा २०१२ मध्ये झाली तेव्हा हाती लागले सात प्रयोग आणि ३४७ माणसे. त्यांवरून निष्कर्ष काढता येणार नाही, असेच तिने म्हटले. पान कापल्यावर सालीलगतचा पिवळा कडू रस निथळू द्यायचा आणि मग गर घ्यायचा, ही जुनी रीत पाळावी. तो रस काहींच्या कातडीला झोंबतो.

झाडातून निघालेली औषधे

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट-तपकिरी पूड मिळे. नाव गोव्याचे, झाड ब्राझीलचे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली होती. १८७० च्या दशकात लंडनचे डॉ. बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली आणि गुण दिसला. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही पूड मिळेना, तेव्हा १९१६ मध्ये तिथे तिच्याजवळचे कृत्रिम द्रव्य बनवले गेले. तेच डिथ्रॅनॉल, जे पुढे अनेक दशके सोरायसिसचे प्रमुख औषध राहिले. आपल्या पावसाळी टाकळ्यात याच कुळातली द्रव्ये आहेत आणि त्याचे संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे दाद मारणारा. टाकळ्याची भाजी आवडीने खाणाऱ्या कोकणी माणसाला आपण सोरायसिसच्या औषधाच्या चुलतभावाला फोडणी देतो आहोत, हे ठाऊक नसते.

बावचीची कथा याहून मोठी. कोडावर बावचीचे बी लावून उन्हात बसायचे, हा इथला जुना उपचार. इजिप्तमध्ये तसाच उपचार दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी होई, आणि १९४० च्या दशकात त्यातले सोरालेन जातीचे द्रव्य वेगळे काढले गेले. हे द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी जागे होते. १९७४ मध्ये हार्वर्डच्या डॉक्टरांनी सोरालेन आणि मोजून दिलेले अतिनील किरण यांची सांगड घालून सोरायसिसवर उपचार केले, आणि ती पद्धत जगभर गेली. इथे परंपरेचा कयास नेमका होता: बी एकटे चालत नाही, ऊन हवेच. ऊन किती, हे मोजणे मात्र दवाखान्यात शक्य झाले. घरी बावचीचे तेल लावून दुपारी अंगणात बसलेल्यांना मोठमोठे फोड आलेले आहेत.

तिसरे उदाहरण उलट्या बाजूचे. खाजकुइलीची कुसे अंगाला लागली की काय होते, हे रानात फिरलेल्याला सांगायला नको. १९५० च्या दशकात अमेरिकेत त्या कुसांमधले खाज आणणारे प्रथिन वेगळे काढले गेले, आणि पुढे कळले की ही खाज हिस्टमिनच्या वाटेने जातच नाही. दीर्घकाळच्या इसबात हिस्टमिन अडवणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या का पुरेशा पडत नाहीत, याचा एक धागा असा खाजकुइलीने दिला. पित्ताच्या गांध्यांची खाज बहुतांशी हिस्टमिनची, इसबाची तेवढी नाही. ‘खाजेवर उपाय’ म्हणून एकच पान सांगणाऱ्याने आधी कोणती खाज ते विचारायला हवे.

उतणे

झाडपाला निरुपद्रवी असतो, हा समज आपल्या जुन्या माणसांचा नव्हता. मराठीत बिब्ब्यासाठी वेगळे क्रियापद आहे: बिब्बा उततो. लावल्या जागी चट्टा, फोड, सूज, कधी सगळे अंग सुजून येते. बिब्ब्याचा चीक धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणांच्या जागी पुरळ उठले. त्यांच्या डॉक्टरांनी ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ असे नाव देऊन त्याची नोंद केली. त्यांच्या देशातली पॉयझन आयव्ही ही वेल बिब्ब्याच्याच कुळातली, म्हणून त्यातल्या काहींच्या अंगाला ही जात आधीच ओळखीची होती. आंबा आणि काजूही याच कुळातले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाला तिथल्या त्या वेलीने एकदा त्रास दिला, तर हापूसची साल ओठाला लागूनही फोड येऊ शकतात. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटे टरफलाच्या तेलाने काळी पडतात, सोलपटतात. त्या हाताला राख किंवा तेल चोळून कामाला बसतात.

बिब्ब्याबाबत घराला किती ठाऊक होते पाहा. फोडताना हाताला तेल लावायचे. टाचेच्या भेगेत भरायचा तर तापवून, थेंबभरच. लाडू करायचा तर खोबरे आणि तीळ भरपूर. एखाद्याला सोसत नसेल तर त्याने त्या खोलीतही थांबायचे नाही. उतलाच तर खोबरेल. वैद्य शोधनासाठी बिब्बा विटेच्या चुऱ्यात घासत. उपायासोबत मात्रा, निषेध आणि उतारा असा पूर्ण संच होता. या आढाव्यात मला सगळ्यात लक्षणीय वाटले ते हेच: झाडाचे नाव आणि गुण पुढच्या पिढीला पोचले, उतारा मागे राहिला. मोबाइलवर ‘भेगांवर बिब्बा’ एवढेच येते. दुसऱ्या बाजूला, घरगुती ज्ञान म्हणजे आंधळा विश्वास, असे म्हणणाऱ्यांच्याही नजरेतून हा संच सुटतो.

नव्या उपायांना तर उतारा कधी नव्हताच. मुरमावर लिंबू चोळून उन्हात जाणे ही अलीकडची टूम. लिंबातही बावचीच्या जातीची द्रव्ये असतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. चट्ट्यावर लसणाची पाकळी बांधून ठेवली तर कातडी भाजते.

आणि परके गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजर गवत, लोकांच्या भाषेत काँग्रेस गवत, अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर आले असे मानतात. त्याच्या नुसत्या हवेतल्या कणांनी चेहरा, मान, कोपराचे खळगे सुजून जाडे होतात. १९७४ मध्ये पुण्याच्या रुग्णांवर आधारलेल्या लेखाने हा आजार जगाच्या वैद्यकात नोंदला गेला. ज्यांना याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना त्याच कुळातली शेवंतीही बाधू शकते. त्याच कुळातल्या झेंडूचा लेप सुचवणाऱ्यांना हे माहीत नसते. शिवाय पाश्चात्त्य मलमातले कॅलेंड्युला म्हणजे आपला तोरणाचा झेंडू नव्हे, ही नावांची गल्लत आहेच.

डबीत काय आहे

वनस्पती डबीत गेली की प्रश्न बदलतो. बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या मुलांना पालक लावत असलेली चोवीस ‘हर्बल’ मलमे तपासली गेली. वीसांत स्टेरॉइड सापडले. हा अभ्यास २००३ मधला. ‘आयुर्वेदिक आहे, दोन दिवसांत गुण’ हे वाक्य ऐकले की मला तो आकडा आठवतो.

आपल्याकडे गजकर्णाची जी साथ दहा-बारा वर्षे चालू आहे तिच्या मुळाशीही असेच मिश्रण आहे, पण ते हर्बल म्हणून विकले जात नव्हते. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे दुकानातून सर्रास दिली गेली. खाज थांबली, बुरशी पसरली. त्यातून पुढे आलेल्या चिवट बुरशीच्या नावातच २०२० मध्ये ‘इंडो’ आले: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. दुकानातले चित्र त्या मानाने कमी बदलले. म्हणून या वादात ‘नैसर्गिक विरुद्ध रासायनिक’ अशी फाळणी करून हाती काही लागत नाही.

भेसळ घरच्या डब्यातही असते. बांगलादेशात हळदीला पिवळेपणा येण्यासाठी शिसेयुक्त रंग घातला जात असल्याचे उघड झाले, आणि २०१९ नंतरच्या कारवाईने तो बाजारातून जवळपास नाहीसा झाला. हळद आणि चुन्याच्या कुंकवाची जागा रासायनिक रंगांनी घेतल्यावर कपाळावरचे काळे डाग हा दवाखान्यातला नेहमीचा प्रकार झाला.

कायद्यातही वर्गवारीचा घोळ आहे. हळदीची एक प्रसिद्ध मराठी क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा वाद अबकारी करापायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने ती आयुर्वेदिक औषधात धरली. जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा कोड बरे करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. त्या जाहिराती आजही भिंतींवर आहेत.

न सुटलेले

मोजमापाचा प्रश्न पहिला. सहाणेवर उगाळलेल्या लेपात किती द्रव्य गेले, हे झाड, ऋतू, माती आणि उगाळणाऱ्याचा हात यांवर ठरते. प्रमाणित अर्क काढला तर प्रयोग करता येतो, पण मग तपासले ते आजीचे औषध राहते का? दोन्ही बाजूंचे याबाबतचे म्हणणे पटण्यासारखे आहे आणि त्यांचा मेळ बसलेला नाही.

खर्च कोणी करायचा, हेही ठरलेले नाही. पेटंट नसलेल्या आमसुलावर मोठा प्रयोग करून कंपनीला काय मिळणार? सरकारी पैसा आहे, पण तो पित्तावरच्या आमसुलाकडे वळत नाही. खाज, कोरडेपणा, भेगा हे प्राण घेणारे आजार नव्हेत.

दुष्परिणामांची नोंद अपुरी आहे. आयुष औषधांसाठी २०१८ पासून राष्ट्रीय नोंदयोजना आहे, मात्र तिच्या जाळ्यात विकली जाणारी औषधे येतात. परसातल्या पाल्याने आलेला फोड कुठेच लिहिला जात नाही. त्यामुळे किती जणांना बाधले हे सांगता येत नाही, आणि किती जणांना मानवले तेही.

आजच्या पुराव्यावर माझा कौल असा: कोरड्या त्वचेला खोबरेल बिनदिक्कत लावावे. हळद, कडुलिंबाचा पाला आणि कोरफडीचा गर साध्या त्रासाला चालतील, पण फार अपेक्षा ठेवू नये. बिब्बा, बावची आणि लसूण घरी लावू नयेत. आमसुलाचा हात चालू राहू द्यावा, मात्र गांध्यांसोबत ओठ सुजले किंवा श्वास लागला तर आमसुले भिजत टाकण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. नागिणीवरचे विषाणूविरोधी औषध ७२ तासांच्या आत सुरू केले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना जे लावले असेल ते सोबत न्यावे: पान, बाटली, डबी, जे असेल ते. संकोचाने लपवू नये. निदानाचे निम्मे काम त्यावर अडलेले असते.